काही गेलं नाही ना?

"अगं, मागे घे तो बदल! ईस्टर तोंडावर आलाय आणि साइट रांगतेय नुसती," द्रागोश इलिंकावर कावला होता. कंपनी त्याची, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या शिव्याही त्यालाच.

क्लुज शहरातून चालणारी ही साइट घरी केक-पाव भाजणाऱ्या बायकांसाठी होती. गिऱ्हाइकानं पत्ता बघायचा, ऑर्डर द्यायची, जाऊन घेऊन यायची. गेल्या आठवड्यात इलिंकानं डेटाबेसमधल्या एकाच बदलात दोन कामं उरकली होती: ऑर्डर नेण्याची वेळ निवडायची सोय आणि पत्ता झाकायची सोय, म्हणजे बाईनं ऑर्डर घेतल्यावरच तो गिऱ्हाइकाला दिसेल.

दुसरं काम धाकट्या बहिणीपायी. स्मरांडा नवऱ्याचा मार खाऊन पळाली होती, परगावी कोझोनाक, म्हणजे ईस्टरचा गोड पाव, भाजून याच साइटवर विकत पोट भरत होती. होरिया अजून तिला शोधत होता. "होरिया आणि हात उचलेल? काहीतरीच तुझं!" असं तेव्हा इलिंकाच म्हणाली होती. आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटे. तेव्हापासून स्मरांडानं आपणहून कधी फोन केला नव्हता.

"बदल उलटवायचा कोड लिहिलायस ना?" द्रागोशनं विचारलं.

"लिहिलाय. पण त्या वेळा सगळं जड करतायत. नुसत्या पुसल्या तर कोण कधी येणार, बायकांना कळायचं कसं? आधी त्या ऑर्डरीच्या शेऱ्यात हलवते, मग अख्खा बदल मागे घेते."

"हलव बाई. एक ऑर्डर हरवली तरी त्या मला भट्टीत घालतील."

"तुझा पाव फुगायचा नाही," इलिंका म्हणाली.

तिनं आधी डेटाबेसच्या नकलेवर करून बघितलं. मग खऱ्यावर. साइट पळायला लागली. तिनं पहिल्यांदा स्मरांडाच्याच ऑर्डरी उघडल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या, वेळांसकट.

"काही गेलं नाही ना?"

"काही म्हणजे काही नाही."

द्रागोशनं खूश होऊन कॉफी आणली. बहिणीचं निदान एवढं तरी नीट सांभाळलं, असं इलिंकाला वाटलं. जरा हलकं वाटलं.

दुपारी फोन वाजला. स्मरांडाचा नंबर! आपणहून! इलिंकाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बोल गं राणी," ती घाईघाईनं म्हणाली.

"मेव्हणीबाई," पलीकडून होरिया म्हणाला, "कोझोनाक मात्र झकास करते हं तुमची बहीण."