खरी काच

जमनाकाकीनं पाकिटातला लाल मणी उचलला आणि दातांवर हलकेच वाजवून पाहिला. पुतणी रोशनी श्वास रोखून बसली होती.

तांड्यावर प्लॅस्टिकचे मणी येऊ लागले, तसं काकीनं भरतकामच सोडलं होतं. रोशनीनं मोबाईलवरून परदेशी कारखाने शोधले, पण बहुतेकांना मोठीच ऑर्डर हवी होती. ज्यांनी नमुने पाठवले, त्यांचेही मणी प्लॅस्टिकचेच निघाले. शेवटी जपानमधला एक छोटा कारखाना किलोभर माल द्यायलाही तयार झाला. हे पाकीट त्यांचंच होतं.

"काच आहे," काकी म्हणाली.

रोशनीला हसू आलं. "मग किती मागवू गं काकी?"

"ते उद्या बघू." काकीनं मांडीवर अर्धवट भरलेली ओढणी पसरली. "आता नीट दिसत नाही मला. आधी सुई ओवून दे."