खंडेनवमी आणि चौथी डिस्क

गुरप्पा मालक मेन स्विचकडे निघाले आणि दाक्षायणी स्विचला पाठ लावून उभी राहिली.

चादरींच्या या कारखान्यात खंडेनवमीची रीत ठरलेली होती. मालकांनी मेन स्विच पाडायचा, मग एकेका वस्तूला हळदकुंकू लावून हार घालायचा. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्या वस्तूला कुणी बोटही लावायचं नाही. माग केव्हाच थांबवून, पुसून लख्ख केले होते. कामगार ठेवणीतले कपडे घालून ताटकळले होते, आणि डिझाइनं काढणारी ही पोरगी वाट अडवून उभी होती.

"मालक, आजच्या दिवस लाईट राहू द्या."

"का म्हनून?"

कारण डिझाइनच्या खोलीत होतं. तिथल्या कॉम्प्युटरात चार डिस्का एकत्र बांधलेल्या होत्या. एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यावरचं सगळं पुन्हा जुळवता येतं. दुसरी गेली, की मात्र सगळ्याच्याच नावानं आंघोळ. चार आहेत, मग वेगळी प्रत कशाला, असं म्हणत दिवस गेले आणि काल एक डिस्क बंद पडली. दाक्षायणीनं नवी घातली. सकाळपासून तिघी मिळून नवीवर सगळं उतरवत होत्या. पण त्याही म्हाताऱ्याच. मागच्या खंडेनवमीला बंद केल्यावर त्यातली एक फिरायलाच तयार नव्हती, कशीबशी सुरू झाली. आज थांबली तर पुन्हा उठेल याची खात्री नव्हती.

त्या डिस्कांवर सिद्रामची, म्हणजे तिच्या वडलांची, जन्मभराची डिझाइनं होती. कागद वाळवीनं खाल्ले होते आणि वडीलही आता नव्हते. जीव गेला तरी हे जाऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"संध्याकाळपर्यंत होईल," ती म्हणाली.

"माझ्या वडलांपासनं स्विच पाडल्याबिगर पूजा झालेली न्हाय. मी मोडू व्हय ती रीत?"

"तुमच्या वडलांची रीत हाय, तसं माझ्या वडलांचं काम हाय आत. मी हितनं हलनार न्हाय."

कामगारांत कुजबुज झाली. मालकांना असं तोंडावर कुणी बोललेलं नव्हतं. ते तडक डिझाइनच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरच्या पेटीवर त्यांनी तळवा ठेवला. पेटी गरम होती, आत काहीतरी घरघरत होतं. सिद्राम त्यांचाही जिवाभावाचा माणूस होता. पण बाहेर आले ते पूजेचं ताट हातात घेऊनच.

"सरक बाजूला."

ती हलली नाही.

"सरक म्हनतो न्हवं. एवढी वर्सं बघतीस मला, इश्वास न्हाय व्हय?"

दाक्षायणी सरकली. सगळं संपलं असंच तिला वाटलं.

मालकांनी स्विच पाडला नाही. होता तसाच, चालू ठेवून, त्याला हळदकुंकू लावलं, ताटातला सगळ्यात मोठा हार त्याच्यावर चढवला आणि कामगारांकडे वळून म्हणाले, "ह्याची पूजा झाली. आता दसऱ्यापतुर ह्याला कोन हात लावतंय ते बघतो."