नव्या ब्रेकचा पहिला रविवार

नवऱ्याने बूट घातले तेव्हाच तिच्या लक्षात आलं, डाव आपल्यावरच उलटला.

डाव तसा साधा होता. दर रविवारी चहा झाला की हा माणूस खाली पार्किंगमध्ये जायचा आणि आपल्या लाल स्पोर्ट्स कारच्या चंदेरी चाकांपुढे मांडी ठोकून बसायचा. ब्रेक मारले की पॅड झिजतात, त्यांची काळी पूड चाकांवर चिकटते, आणि ती टूथब्रशने काढायला त्याला तीन तास लागायचे. शेजारी त्याला ‘टूथब्रश’ म्हणायचे. वर मुलगी पाच महिन्यांची. ती मन लावून रडायची आणि झोपायची उगीच चव घेतल्यासारखी. तिच्या जन्मापासून आईचा सलग दोन तास डोळा लागला नव्हता. रविवारी तरी तिला घे, असं सांगून झालं होतं, रडून झालं होतं. एवढी चाकं झाली की आलोच, हे उत्तर तिला पाठ होतं. सासूबाई फोनवर म्हणायच्या, नशीब समज, नवरा घराखालीच असतो.

मग एका रविवारी मुलीच्या बाटलीचा ब्रश सापडेना. तो खाली, चाकाच्या आऱ्यांमध्ये सापडला. कोळशासारखा काळा.

“आतपर्यंत पोचतो गं बरोबर,” नवरा म्हणाला.

तिने ब्रश कचऱ्यात टाकला. मुलीच्या आधी तिच्या मनात सूड रांगायला लागला.

गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा तिने मेकॅनिकला गुपचूप फोन केला. कमी पूड सोडणारे पॅड मिळतात का? मिळतात की ताई, तो म्हणाला, गाडीच्या कंपनीचे नसतात, पण चाकं महिनाभर चकाचक. टाका, ती म्हणाली. पूडच नाही तर पुसणार काय? आता बघतेच, रविवारी खाली काय चाटत बसतो ते.

हे कळल्यावर नवरा इतका खूश झाला की तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. लग्नाच्या चार वर्षांत इतकी मनातली भेट कुणी दिली नाही, म्हणाला. आणि आज, रविवारी, चहा झाल्याझाल्या बूट घालत होता. नवे पॅड डिस्कवर नीट बसवून घ्यावे लागतात म्हणे. मेकॅनिकने सगळं समजावलं होतं. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबायचा, गाडी थांबायच्या आत पुन्हा वेग. असं दहा-बारा वेळा. मग ब्रेक गार होईपर्यंत नुसती फिरवायची. दोन-अडीच तास कुठे गेले नाहीत.

त्याची दुसऱ्या बुटाची नाडी बांधून होईपर्यंत तिने मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली आणि खुंटीवरची किल्ली काढली.

“मी बसवते पॅड.”

तो हसला. मग हसायचा थांबला. त्या गाडीला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

“अगं, सोपं नाही ते. ब्रेक जीव खाऊन दाबावा लागतो.”

“तेवढा राग आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “पाच महिने साठवलाय. बाटली ओट्यावर आहे.”

गाडी गुरगुरत फाटकाबाहेर गेली. त्याने दहाव्या मिनिटाला तिला फोन लावला. तो स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे वाजला.

मग त्याला डोळ्यांपुढे सगळं दिसायला लागलं. तापून लाल झालेल्या डिस्क, टायरचा धूर, फुटपाथला घासलेलं चाक. मोठ्या रस्त्यावर कुणीतरी करकचून ब्रेक मारला, आणि तो मुलीसकट खिडकीकडे धावला. दुसरीच गाडी होती. मुलीने त्याचा कान धरून ओढला आणि भोकाड पसरलं. बाटली धुवायला हवी होती. नवा ब्रश अजून आणलेलाच नव्हता. बोट आत जाईना, मूठ तर नाहीच नाही. कपडा काडीला गुंडाळून तो घासत बसला, तोवर मुलीने त्याचा इस्त्रीचा शर्ट ओला केला. शेवटी त्याने आईला फोन केला. बायको गाडी घेऊन गेलीय, म्हणाला. तुझी गाडी? आईने विचारलं. हो.

“मग तूच काहीतरी केलं असशील,” आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

दीड तासाने मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली. बसलं की जागी व्हायची, म्हणून तो उभाच राहिला. पाय भरून आले. घड्याळाकडे बघायला मान वळवायचीही त्याला भीती वाटत होती.

गुरगुर ऐकू आली तेव्हा तो तसाच, मुलीला खांद्यावर घेऊन, अनवाणी खाली उतरला. ती गाडीला टेकून उभी होती. तो सरळ पुढच्या चाकापाशी गेला, मुलीला सावरत वाकला आणि आऱ्यांवरून बोट फिरवलं. बोट उजेडात धरून पाहिलं. पुन्हा फिरवलं.

“बघ,” तो थक्क होऊन कुजबुजला, “अडीच तास ब्रेक मारलेस, आणि बोटाला काहीच नाही. भारी आहेत पॅड.”

“भारी आहेत,” ती म्हणाली. “पण अजून बसले नाहीत. पुढच्या रविवारी परत न्यावी लागेल गाडी.”

तो मान डोलावत मागच्या चाकाकडे सरकला. त्याने एकदा जरी वर पाहिलं असतं, तरी तिच्या गालावर उमटलेली सीटच्या शिवणीची रेघ त्याला दिसली असती. ती दोन गल्ल्या सोडून, शाळेच्या बंद फाटकासमोर, सीट पार मागे पाडून अडीच तास गाढ झोपली होती.