दहा नंबरचा पाना

वसाहतीवर धुराचा लोट दिसताच मेकॅनिक दाभाडे विमानांच्या हँगरमध्ये धावले. चाचणीला गेलेलं विमान त्यांच्याच घराच्या बाजूला कोसळलं होतं. तिथल्या फोनवरून त्यांनी तीनदा घरचा नंबर फिरवला.

चौथ्यांदा बायकोने उचलला. "आम्ही सुखरूप आहोत हो! विमान आपल्या बिल्डिंगवरच येत होतं. पायलटने वळवून मैदानात घातलं. त्याला उडी मारता आली असती, पण मारली नाही. गेला पोरगा."

 दाभाड्यांनी देवाला हात जोडायला मान वर केली, तर समोर पान्यांचा फळा. एखादा पाना चुकून विमानात राहिला तर लगेच कळावं, म्हणून प्रत्येकाची आकृती लाल रंगाने काढलेली. दहा नंबरची आकृती रिकामी होती.

सकाळी विमानात चढताना पायलटने विचारलं होतं, "काका, सगळं जागेवर?" चहा गार होईल म्हणून त्यांनी फळ्याकडे न बघताच अंगठा दाखवला होता.

त्यांनी खिसे चाचपले. काहीच नव्हतं.

"अहो, ऐकताय ना?" फोनवर बायको रडत होती. "त्याच्या आईला भेटून येऊ आपण. तुम्हीच बोला तिच्याशी."