विटांची कड

"परत लावलीत कड? परवाच तर उपटली होती मी!" पार्किंगच्या ठेकेदाराने पहार आपटली.

गल्लीतल्या बागेला आम्ही शेजारी मिळून विटांची कड घालत होतो. टेलरकाकूंनी ताणलेली दोरी सोडली नाही. ड्रायव्हरकाका वीट ठोकतच राहिले.

"उपटा की, हात कोणी धरलाय तुमचा?" काकू म्हणाल्या.

"कंटाळत कसे नाही तुम्ही?"

"कंटाळायला काय झालंय? तुम्ही उपटलीत की दर वेळी आम्ही हातभर पुढे लावतो. पहिली कड त्या पेरूला खेटून होती, आठवतंय?"

ठेकेदाराने मान वळवली. पेरूचं झाड बागेच्या मधोमध उभं होतं.

"आणि भाऊ," ड्रायव्हरकाका म्हणाले, "तुमची गाडी तेवढी मागे घ्या. आजची दोरी तिच्या खालून जातेय."