मिस्टर पेनफोल्ड बुडत असताना

मिस्टर पेनफोल्ड शेवटी चिखलातून बाहेर निघाले. हे वाक्य कोणी वाचलंच नाही असं धरून चालू. कारण सध्या ते गफ नावाच्या शेतकऱ्याच्या वाटाण्याच्या शेतात, कोरड्या जमिनीवर, हातात नकाशा घेऊन उभे आहेत आणि स्वतःवर खूश आहेत. मागे त्यांच्या पदभ्रमण मंडळाची सहा माणसं. सगळी निवृत्त, सगळी लाल जॅकेटात.

कुंपणाच्या फटीतून पहिलं लाल जॅकेट दिसलं तेव्हा मेरियल प्रॉसर जाळीच्या आडोशामागे बसली होती. दुनळी बंदूक भरलेली, आणि चाळीसेक रानकबुतरं वाटाण्यावर उतरायच्या बेतात. तिने बंदूक मध्यातून उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली, उघडी बंदूक हातावर आडवी घेतली आणि मगच आडोशातून बाहेर आली. बाई एकसष्ट वर्षांची. गफने लिहून दिलेल्या परवानगीने ती त्याच्या पिकावरची कबुतरं मारते. तिच्या परवान्याचं नूतनीकरण पोलिसांच्या बंदूक खात्यात पडून होतं. गेल्याच आठवड्यात एक अधिकारी घरी येऊन बंदुकीच्या कपाटाचं कुलूप दोनदा ओढून गेला होता आणि जाता जाता म्हणाला होता, "एक तक्रार आली तरी बंदूक जमा, बाई."

"गुड मॉर्निंग," मेरियल म्हणाली. "वाट चुकलात तुम्ही. पायवाट कुंपणापलीकडून आहे. ही खासगी जमीन. आणि पुढे दलदल आहे."

"नकाशात दलदल नाही," पेनफोल्ड म्हणाले.

"नकाशा कोरडाच असतो, साहेब."

"बाई, मी तीस वर्षं नकाशे वाचतोय," असं म्हणून ते तिला वळसा घालून तीन पावलं पुढे गेले. चौथं पाऊल उचललं गेलं नाही.

"गुडघ्यापर्यंत," डॉट म्हणाली. ही मंडळाची चिटणीस. तिने घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली.

"बंदूक पुढे करा!" पेनफोल्ड ओरडले. "नळी धरतो मी!"

"परवाना आहे?"

"कसला परवाना?"

"बंदूक धरायचा."

"अहो, मी बुडतोय!"

"बुडायला परवाना लागत नाही. बंदुकीला लागतो."

डॉटने दोन्ही हात पुढे केले. "माझ्याकडे द्या हो. माझा भाऊ सैन्यात होता."

"अख्खं सैन्य आलं तरी नाही द्यायची," मेरियल म्हणाली.

"मग ठेवा ना कुंपणाला टेकवून!"

मेरियलने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने तान्हं बाळ कुंपणाला टेकवून ठेवायला सांगितलं होतं.

ती तिथेच एका गुडघ्यावर बसली. नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढून कोटाच्या आतल्या खिशात घातला. नळ्या वेगळ्या केल्या, दस्ता वेगळा केला. दोन्ही खांद्याला लटकलेल्या कापडी म्यानात सरकवली, चेन लावली, बंद छातीवरून घेऊन म्यान पाठीला आवळलं. आता ती बंदूक राहिली नव्हती. तीन तुकडे होते, आणि तिन्ही तिच्या अंगावर.

"मांडीपर्यंत," डॉट म्हणाली.

"ही वाट," पेनफोल्ड खालून म्हणाले, "दीडशे वर्षांपासून सार्वजनिक आहे."

"चालायला की उतरायला?" मंडळातल्या कोणीतरी हळूच विचारलं.

मेरियलने आडोशाचा सर्वांत लांब दांडा उपटला. जाळी कोसळली. दांड्याचं एक टोक पेनफोल्डांपर्यंत पोचवून ती गवताच्या झुबक्यावर टाचा रोवून उभी राहिली. "माझ्यामागे लागा. एकमेकांचा पट्टा धरा."

सहाही जण तत्काळ रांगेत आले. मग "आधी तुम्ही", "छे, तुम्ही होतात आधी" यात अर्धं मिनिट गेलं, पण रांग मोडली नाही. तेवढ्यात कबुतरं उतरली आणि निवांतपणे वाटाणा खाऊ लागली. मेरियलने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. माणसं शेतात असताना ती बंदूक जुळवत नाही. मग कबुतरांनी टेबलखुर्च्या मांडल्या तरी.

"ओढा!"

पेनफोल्ड निघाले. डावा बूट मात्र आतच राहिला.

त्यांनी गवतावर बसून मोजा पिळला. मग त्यांनी डॉटची वही मागून घेतली. "नाव?"

"मेरियल प्रॉसर."

"परवाना क्रमांक?"

 मेरियलने छातीवरचा बंद एकदा घट्ट केला. मग क्रमांक सांगितला, एकेक आकडा, सावकाश, चूक होऊ नये म्हणून. शेवटचं लाल जॅकेट कुंपणापलीकडे जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

आठ दिवसांनी बंदूक खात्यात पत्र आलं. अधिकाऱ्याने ते वाचलं, मेरियलच्या नूतनीकरणावर शिक्का मारला आणि पत्र पुन्हा वाचायला घेतलं, कारण शेवटची ओळ कुठल्या खात्याकडे पाठवावी हे त्याला कळेना.

"महोदय, सदर बाईंनी मला सहा मिनिटे बुडू दिले, हे चिटणिसांच्या नोंदीवरून सिद्ध होते. या सहा मिनिटांत मी त्यांची बंदूक वारंवार मागितली. त्यांनी ती मला दिली नाही, अन्य कोणास दिली नाही, जमिनीवर ठेवली नाही, आणि माझे वर्तन पाहता सबळ कारण असूनही एकदाही माझ्या दिशेने वळवली नाही. सबब नम्र विनंती की, अर्जदारावर बुडण्याचा प्रसंग पुन्हा आल्यास तो याच बाईंच्या हद्दीत यावा, अशी व्यवस्था करण्यात यावी."