पठारावरची उपाशी झाडं

"आयला, गिळली की हो मुंगी त्यानं!"

हनुमंत गुडघ्यांवर बसून बघत होता. बोटभर तांबडं रोप, अंगावर चिकट थेंब, आणि त्यात अडकलेली मुंगी.

"पोटासाठी सगळं," शेफाली मॅडम हसल्या. पुण्याहून त्या ही दुर्मीळ झाडं शोधतच वेल्ह्याला आल्या होत्या. "कातळावर मुळांना मिळणार काय? मग किडे धरायचे. पण ही गरिबीच त्यांना मानवते. जमीन सकस झाली की गवत माजतं आणि यांचा निकाल लागतो."

"म्हंजे आमच्यावानीच की! सुख सोसत न्हाई."

पठार फोडून बंगल्यांचे प्लॉट पाडायचं घाटत होतं. पठार गेलं की चराई गेली, आणि त्या शेळ्यांवर तर हनुमंताचं घर चालायचं. मॅडमनी खटपट करून वनखात्याच्या साहेबांना पाहणीला यायला लावलं होतं. झाडं डोळ्यांनी दिसली, की पठाराला कुदळ लागणार नव्हती.

कापूरहोळला टेम्पोवरच्या कामाला परत निघताना हनुमंतानं बायकोला घाईघाईत बजावलं, "रत्ना, ती तांबडी रोपं उपाशी हायेत बिचारी. जमिनीत काय न्हाई म्हणून किडं खात्यात. आपलं पठार त्यांच्याच जिवावर हाय. पोटच्या पोरावानी जप."

मग रोज फोन. "शेळ्या न्हाई ना गेल्या तिकडं?"

"नाव नका काढू! दावणीलाच हायेत. लई जपतीया मी. बघालच तुमी."

पाहणीच्या दिवशी साहेबांना घेऊन तो चढू लागला. शेजाऱ्यांचा भात हिरवागार, त्याचाच तेवढा पिवळा पडलेला. घरामागचा उकिरडाही सपाट झालेला. बाईनं शेताकडं ढुंकून बघितलं न्हाई, तो मनाशी पुटपुटला. मग त्यालाच वाईट वाटलं. इतके दिवस शेळ्या बांधून, लांबून चारा वाहून आणत होती बिचारी. आणखी काय करायचं तिनं?

वर रत्ना ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. तिच्या मागं गुडघाभर गवत डुलत होतं.

साहेब इकडंतिकडं बघू लागले. शेफाली मॅडम गवत बाजूला सारत वाकल्या, पुढं सरकल्या, पुन्हा वाकल्या. तांबडं रोप एकही दिसेना.

रत्ना हनुमंताच्या कानाशी आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"पाट्या वाहून वाहून सगळं शेणखत हितं घातलं. भाताचा युरियाबी ह्यांनाच दिला. पोटच्या पोराला कुनी उपाशी ठेवतं व्हय?"